घरी राहा, पण किती जणांनी?

मार्च २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने घरच्या विलगीकरणासाठी सूचना काढल्या. हवेशीर स्वतंत्र खोलीत राहावं, तिला जोडून संडास असल्यास उत्तम. दुसऱ्या कुणाला त्याच खोलीत राहावं लागलंच तर किमान एक मीटर अंतर ठेवावं. वैद्यकीयदृष्ट्या यात खोट काढण्यासारखं काही नाही. फक्त लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जे घर होतं ते वरळीच्या बीडीडी चाळीतलं नव्हतं. तिथली खोली १६० चौरस फुटांची, मजल्यावर अशा वीस खोल्या आणि सगळ्यांचे मिळून संडास.

एवढ्या जागेत पाच-सहा माणसं पिढ्यानपिढ्या कशी राहिली याचं आपण कौतुक फार केलं. चाळीवर नाटकं झाली, शेजारधर्माचे गोडवे गायले गेले. (गाणारे बहुतेक तोवर ठाण्या-पुण्याच्या फ्लॅटात राहायला गेलेले.) साधा हिशेब मात्र राहून गेला: ही घरं चालतात, कारण निम्मी माणसं कायम बाहेर असतात. गिरण्या चालू होत्या तेव्हा गाळ्यात एकाच जागेवर पाळीपाळीने माणसं झोपत. पुढे बाप कामावर, पोरं शाळेत नि मग गल्लीत, म्हातारा नाक्यावर, थोरला मुलगा रात्री बाहेर पथारी टाकून. जिना, ओटा, नाका, देवळाची पायरी हे सगळं मिळून ते घर होतं. २५ मार्चला टाळेबंदी लागली आणि हे सगळं एका रात्रीत गेलं. उरली नुसती खोली.

त्या खोलीत सकाळी शेगडीपाशी बाई, मोरीत साडीचा पडदा लावून कुणीतरी अंघोळीला, कॉटखाली दोघं अजून झोपलेले. जूननंतर शाळा मोबाइलवर आली. धड चालणारा मोबाइल एकच, तोही बापाचा. थोरलीचा गणिताचा तास झाला की धाकट्याचा मराठीचा बुडायचा. कुकरची शिट्टी झाली की बाई पलीकडून म्हणायच्या, ‘आवाज बंद करा.’ कुणाला कणकण आली तर त्याची रवानगी पोटमाळ्यावर. शिडीवरून ताट वर जायचं, रिकामं खाली यायचं. संडासाला मात्र त्याला उतरावंच लागे, झोपलेल्यांना ओलांडून.

सगळ्यात जास्त आकसली ती बाईची जागा. दुपारी घर पांगलं की दोन तास ती खोली तिची असायची. पाय पसरायला, बहिणीशी फोनवर बोलायला, वेळ आली तर रडायलाही. ते दोन तास गेले. चहाची आधणं वाढली, भांडी त्या मानाने वाढली. पुरुष भांडी घासतानाचे व्हिडिओ पुष्कळ फिरले. घासली ती बहुतेक व्हिडिओपुरतीच, असं माझं मत आहे. जिथे नवरा हात उचलणारा होता, तिथे शेजारणीकडे जाऊन बसायची सोयही संपली.

‘या लोकांना शिस्त नाही’ असं तेव्हा बाल्कनीतून फार ऐकू यायचं. जुलै २०२० मध्ये मुंबईतल्या तीन वॉर्डांत रक्ताच्या तपासण्या झाल्या. झोपडपट्ट्यांत सुमारे ५७ टक्के लोकांमध्ये संसर्ग होऊन गेल्याच्या खुणा सापडल्या, बाहेरच्या इमारतींत १६ टक्क्यांच्या आसपास. शिस्तीने एवढा फरक पडत नाही. तो जागेने पडतो, आणि संडासाच्या रांगेने. धारावीत महापालिकेला हे लवकर उमगलं. घरात अंतर पाळणं शक्य नाही हे मान्य करून तिने शाळा, लग्नाचे हॉल, क्रीडा संकुल ताब्यात घेतलं आणि संशयितांना तिथे हलवलं. १८९७ च्या प्लेगात सक्तीच्या छावणीच्या धास्तीने लोक घरातलं दुखणं लपवत. धास्ती या वेळीही होती, पण त्या हॉलमध्ये स्वतःची खाट आणि वेळेवर जेवण मिळालं. घरी पडून राहायला सांगण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं होतं.

प्लेगनंतर, १८९८ साली, मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. साथ दाटीत फोफावते हे सरकारला पटलं होतं. ट्रस्टने दाट वस्त्या पाडल्या, रस्ते रुंद केले. पाडल्या तेवढ्या खोल्या मात्र बांधल्या नाहीत. उठवलेली माणसं शेजारच्या चाळींत दाटीवाटीने शिरली. आज बीडीडीच्या रहिवाशांना ५०० चौरस फुटांचं घर मिळतं आहे, ही चांगलीच गोष्ट. झोपडपट्टी पुनर्वसनात ३०० चौरस फूट मिळतात, संडास घरात असतो. पण गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये पुनर्वसनाच्या इमारती इतक्या लगटून उभ्या आहेत की खालच्या मजल्यांवर भरदुपारी दिवा लावावा लागतो. क्षयाला अशी खोली फार मानवते.

तुमच्या चाळीचा, वस्तीचा पुनर्विकास ठरत असेल तर संमतीपत्रावर सही करण्याआधी नकाशा मागून घ्या. चौरस फूट सगळेच विचारतात. दोन इमारतींमध्ये अंतर किती, खिडकी कुठे उघडते आणि आजारी माणसाला दार लावून झोपता येईल का, हेही विचारा.