कोपऱ्यावरचें कुंपण

घर बांधतांना मनुष्य जो पैसा खर्च करतो, त्यांतला बराचसा ऊन-पाऊस अडविण्यासाठीं असतो. पण थोडा तरी लोकांची नजर अडविण्यासाठीं असतो, हें फारसें कोणी बोलून दाखवीत नाहीं. अंगांत जुना सदरा घालून, कोणाचें कांहीं देणें लागत नाहीं अशा वृत्तीनें चार घटका बसतां यावें एवढी जागा जेथें नाहीं, त्याला घर म्हणणें कठीण. म्हणून बागेला उंच कुंपण हवें असें म्हणणाऱ्या गृहस्थास आम्ही माणूसघाणा म्हणणार नाहीं. प्रश्न एवढाच कीं, त्याच्या या एकांताची किंमत कोणीं द्यावी?

कोपऱ्यावरील भूखंडाच्या मालकास हा प्रश्न सर्वांत अधिक टोंचतो. त्याला दोन बाजूंनीं रस्ता. म्हणजे वारा-उजेड दुप्पट आणि पाहणारे डोळेही दुप्पट. तरी नियम नेमका त्यालाच आखडतो. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणें आवाराची भिंत समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून सामान्यतः १.५ मीटर उंच करतां येते. कोपऱ्यावर मात्र, जेथें रस्ते मिळतात तेथून दोन्ही अंगांस १० मीटरपर्यंत भरीव भिंत ०.७५ मीटर, म्हणजे जेमतेम अडीच फूट, असावी. आणि वर हवेच असतील तर ०.७५ मीटर उंचीचे, आरपार दिसेल असे गज लावावे, असें तींत सांगितलें आहे. ज्याला आडोसा अधिक हवा, त्याच्याच वाट्याला तो कमी!

आमचें घर असेंच कोपऱ्यावर आहे, आणि हा नियम अन्यायाचा आहे असें आम्ही कित्येक वर्षें मानीत होतों. आमच्या वृद्ध मातोश्री सकाळीं उन्हांत केस वाळवीत बागेंत बसत, आणि जाणारे-येणारे खुशाल टक लावून पाहत. शेवटीं आम्हीं गजांना आंतून पत्रे ठोकले. पुढें एके दिवशीं आम्ही मोटार घेऊन त्याच वळणानें घरीं येत असतां पत्र्याआडून सायकलवर एक शाळकरी मुलगी एकदम पुढें आली. ब्रेक वेळेवर लागला. मुलीला कांहीं झालें नाहीं. पण तो पत्रा आमचा होता. घरीं ही हकीकत सांगितली तेव्हां मातोश्री एवढेंच म्हणाल्या, “अरे, मी माझी खुर्ची मागच्या अंगणांत नेईन. त्या पोरीनें रस्ता कोठें न्यावा?”

या साध्या उत्तरांत सगळा न्याय आला आहे असें आम्हांस वाटतें. रस्त्यावरच्या माणसाची एक नजर कुतूहलाची असते आणि दुसरी सावधपणाची. भिंतीला हा भेद कळत नाहीं. ती दोन्ही अडविते. पण कुतूहलाच्या नजरेवर दुसरे उपाय आहेत: बसण्याची जागा बदलावी, कोपरा सोडून आंतल्या बाजूस जाईचा मांडव घालावा, खिडकीला पडदा लावावा. वळणावर समोरचें दिसण्याला मात्र दिसण्यावांचून दुसरा उपाय नाहीं. ज्याची गरज अन्य मार्गानें भागते त्यानें, जिची भागत नाहीं तिला वाट द्यावी. मालकाचा हक्क येथें बुडत नाहीं. तो चार पावलें मागें सरतो, इतकेंच.

मात्र सारा भार मालकावरच टाकणें हेंही योग्य नव्हे. १८८२ सालच्या सुविधाधिकाराच्या कायद्यांत, कलम १८ खालीं, एक उदाहरण दिलें आहे: एखाद्या गांवची अशी रूढि असूं शकते कीं, शेजाऱ्याच्या एकांताचा विशेष भंग होईल अशी नवी खिडकी कोणीं पाडूं नये. म्हणजे न दिसण्याची खटपट केवळ दिसणाऱ्यानेंच करावी असें आमच्याकडील कायद्यानें मानलेलें नाहीं. पाहणाऱ्यावरही कांहीं बंधन असूं शकतें, हें त्यानें ओळखलें आहे.

आम्हीं पत्रे काढून टाकले. मातोश्री आतां मागच्या अंगणांत बसतात. तेथें ऊन थोडें उशिरा येतें, एवढी तक्रार त्या करतात. कोपऱ्यावरच्या मालकानें भिंत खालीं घेतली, तर जाणाऱ्यानें तिच्यावरून आंत डोकावूं नये, हें त्याच व्यवहाराचें दुसरें अंग आहे. पहिलें अंग नियमांत लिहितां येतें, मीटरनें मोजतां येतें. दुसरें कोणत्याही संहितेंत बसत नाहीं. तें मुलांना घरींच शिकवावें लागतें.