निवृत्ती कोणाची?

माळव्यात थंडीची चाहूल लागली की पहाटेच्या काकडआरतीला सेवानिवृत्त दांपत्ये हटकून दिसू लागतात. कार्तिक शुद्ध नवमी ते पौर्णिमा हा सप्ताह तर जणू त्यांचाच! एकादशीचा उपवास, द्वादशीचे पारणे, तुळशीचे लग्न, वैकुंठ चतुर्दशीचे पूजन आणि त्रिपुरी पौर्णिमेचे दिवे. संसाराची दगदग सरल्यावर हरिस्मरणात काळ जावा, याहून अधिक काय हवे?

तथापि एक प्रश्न विचारल्यावाचून आम्हांस राहवत नाही. ही निवृत्ती दोघांचीही आहे काय? आरतीहून परतल्यावर गृहस्थ पोथी उघडून बसतात आणि गृहिणी स्वयंपाकघराकडे वळते. पारण्याचा स्वयंपाक, नैवेद्य, फुलवाती, सोवळेओवळे सारे तिच्याच माथी. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात पत्नीला पुत्रांकडे सोपवून किंवा तिच्यासह वनात जावे, असे सांगितले आहे. दोघे वनात गेली म्हणजे घर दोघांचेही सुटते. घरी राहून घेतलेल्या वानप्रस्थात मात्र ते एकाचेच सुटते.

नैवेद्य हीच आपली पूजा, असे कित्येक माउली म्हणतात, आणि त्यात खोटे काही नाही. परंतु जी सेवा बाजूस ठेवण्याची मोकळीक असते, तीच स्वेच्छेची म्हणावी. ती मोकळीक देणे बहुतांशी पतीच्या हाती आहे. त्याने भाजी चिरावी, चंदन उगाळावे, भांडी विसळावी आणि तिला तासभर पोथीसमोर स्वस्थ बसू द्यावे. त्या तासाचे पुण्य कोणाच्या खाती जमा होते, हा हिशेब देवावर सोपवावा, असे आम्हांस वाटते.