विचारायला येणारी माणसं

नोकरी संपल्यावर सर्वांत जास्त काय आठवतं, असं कुणी विचारलं की मी ‘काम’ म्हणतो. उत्तर चारचौघांत शोभतं, म्हणून ते तोंडात बसलं आहे. रात्री झोप उडाली की मात्र स्वतःशी खोटं बोलायचा उत्साह उरत नाही. कोषागारातली बिलं, आक्षेप, मार्चअखेरची जागरणं, यांतलं काहीएक मला परत नको आहे. आठवतात ती टेबलासमोर उभी असलेली माणसं. मी मान वर करेपर्यंत थांबणारी.

मी माजोरडा अधिकारी नव्हतो. कुणाची फाइल अडवली नाही, चहापलीकडे कुणाचं काही घेतलं नाही. पेन्शनची प्रकरणं तर आस्थेनं काढली. कुणाच्या सेवापुस्तकात एखाद्या वर्षाची पडताळणी राहिलेली असते, कुणाचं ना-देय प्रमाणपत्र कुठल्याशा तालुक्यात अडकलेलं असतं, आणि पगार थांबलेला, पेन्शन सुरू नाही, अशा अवस्थेत तो माणूस खेटे घालत असतो. अशांसाठी मी स्वतः फोन फिरवले. हे खरं. त्यानं जाताना हात जोडले की आत ऊब यायची, हेही खरं. पगार महिन्यातून एकदा व्हायचा, ही ऊब रोजच्या रोज मिळायची. अठ्ठावन्नाव्या वर्षी सरकारनं पगाराऐवजी पेन्शन सुरू केली. उबेऐवजी काही देण्याची तरतूद १९८२च्या निवृत्तिवेतन नियमांत नाही.

मग ती तरतूद मीच करून घेतली. ज्येष्ठ नागरिक संघात जाऊ लागलो आणि नोव्हेंबर हा माझा महिना झाला. हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत कोषागाराची यादी येते, तिच्यात आपल्या नावापुढे सही करायची. तेवढंच काम, पण ऐंशीच्या घरातल्या माणसाला ते डोंगराएवढं वाटतं. २०१४पासून ‘जीवन प्रमाण’ हा डिजिटल दाखला आला, तर तिथे बोटांचे ठसे आडवे येतात. उभा जन्म कष्टात गेलेल्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्र त्यांना ओळखत नाही आणि म्हातारा माणूस गुन्हा केल्यासारखा इकडेतिकडे बघतो. नवऱ्यामागे कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या कित्येक बायकांना पीपीओचा, म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा, कागद घरात कुठे आहे, हेही ठाऊक नसतं. मी या सगळ्यांबरोबर जातो, रांगेत उभा राहतो, अर्ज भरून देतो. लोक त्याला समाजसेवा म्हणतात. त्यात माझी भूक किती, हे मी बरेच दिवस तपासलं नव्हतं.

ते तपासायची वेळ आणली आमच्या इमारतीतल्या एका कॉलेजच्या मुलीनं. तिनं शेजारच्या आजींना मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्या दाखला कसा काढायचा, ते शिकवलं. आजींनी आणखी दोघींना शिकवलं. त्यांचा प्रश्न कायमचा सुटला. मी तोंडानं ‘वा, छान’ म्हणालो आणि घरी येऊन बायकोसमोर मोबाइलवरच्या फसवणुकीवर भलंमोठं भाषण दिलं. फसवणूक होते, हे खोटं नाही. पण त्या दिवशी मला त्या आजींच्या पैशांची काळजी लागलेली नव्हती. त्यांनी मला विचारलं नव्हतं, हे लागलं होतं.

घरातही तेच चाललं होतं, हे त्यानंतर दिसायला लागलं. इतकी वर्षं आमच्या घरातली दुपार हिची होती. जेवण, मागचं आवरणं, थोडी झोप, मग मैत्रिणीचा फोन. मी त्या दुपारीत शिरलो आणि डबे कुठल्या फळीवर असावेत याविषयी माझी मतं निघू लागली. भाजी आणायची तर मला विचारून आणावी, ही अपेक्षा मी कधी बोललो नाही, पण न विचारता आणली की माझा चेहरा बोलायचा. पेन्शनच्या कागदांना नवरा-बायकोचा एकत्र फोटो लागतो. शेकडो जोडप्यांचे असे फोटो माझ्या हाताखालून गेले, त्यांत शेजारी बसलेल्या बाईची दुपार आता कशी जाणार, हा विचार मला कधी शिवला नाही. तिला तर निवृत्तीचं वयही नाही.

नोकरीत असताना इतरांच्या निरोप समारंभांत मी महर्षी कर्व्यांचा दाखला हमखास द्यायचो. १९१४ला फर्ग्युसनमधून निवृत्त, १९१६ला महिला विद्यापीठ, तेही अठ्ठावन्नाव्या वर्षी. टाळ्या पडायच्या. त्यांनी विधवांसाठी आश्रम १८९६लाच काढला होता, हे सांगायचं मात्र राहून जायचं. प्राध्यापकी संपली तेव्हा त्यांचं खरं काम जवळजवळ वीस वर्षांचं होतं. माझ्याकडे खुर्चीच्या बाजूला असं काही वाढत नव्हतं. मग जे होतं त्यालाच मी चिकटलो, यात नवल नाही.

अलीकडे महाभारतातलं आश्रमवासिक पर्व पुन्हा वाचलं. युद्धानंतर धृतराष्ट्र पंधरा वर्षं पांडवांच्या घरी राहिला. (विकलेली पेन्शन पूर्ववत व्हायलाही पंधरा वर्षंच लागतात, हे आमच्या खात्यातल्या माणसाला दिसणारच.) युधिष्ठिर त्याचा मान ठेवत होता, राज्यातल्या गोष्टी त्याला विचारून करत होता. तरुणपणी वाचलं तेव्हा मला हा युधिष्ठिराचा मोठेपणा वाटला होता. आता शंका येते की, त्या विचारण्यामुळेच म्हाताऱ्याचा पाय निघत नव्हता. भीमाचे टोमणे असह्य झाले, तेव्हा कुठे तो वनात जायला उठला. कुंतीचं वेगळं. तिचे मुलगे राज्यावर होते, शब्द खाली पडू देणार नव्हते, ‘जाऊ नकोस’ म्हणून विनवत होते. तिला कुणी टोमणा मारला नव्हता. तरी ती गेली, आणि गेली ती धृतराष्ट्र-गांधारी या दोघा म्हाताऱ्यांची सेवा करायला. तिथे तिला कुणी सल्ला विचारणार नव्हतं.

कुंतीची हिंमत माझ्यात नाही आणि आमचा सातारा सोडून जायला मला वनही नाही. एवढंच ठरवलं आहे की, येत्या नोव्हेंबरात त्या मुलीला संघात बोलवायचं आणि सगळ्यांना मोबाइलवर दाखला काढायला शिकवू द्यायचं. म्हणजे पुढल्या वर्षी त्यांतले बरेचजण माझ्याकडे येणार नाहीत. हिला सांगितलं, तर म्हणाली, “मग त्या महिन्यात तुम्ही करणार काय?” त्यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.