आर्मेनी लोकांची भाकर आणि जुन्या रूढी

कोणत्याहि लोकांनीं नवा धर्म स्वीकारला म्हणजे त्यांच्यापुढें एक अवघड प्रश्न उभा राहतो. बापजाद्यांच्या रूढींपैकीं काय ठेवावें आणि काय टाकावें? कोणी म्हणतात, सर्वच टाका. जुन्या घरांतलें मडकेंहि नव्या घरांत आणूं नका. दुसरे म्हणतात, देवाचें नांव तेवढें बदला, बाकी सर्व पूर्वींप्रमाणें चालूं द्या. नवान्नाच्या दिवशीं, लग्नाच्या मांडवांत आणि आजाऱ्याच्या खाटेजवळ हा वाद खेड्यांतील मंडळ्यांस नवा नाहीं.

ह्या प्रश्नाचा अनुभव ज्यांस सतराशें वर्षांचा आहे असे एक लोक आहेत. ते आर्मेनी होत. कॉकेशस पर्वताच्या दक्षिणेस त्यांचा लहानसा डोंगराळ देश आहे. परंपरेप्रमाणें इ. स. ३०१ सालीं ग्रेगोरी नामक उपदेशकाच्या हातून त्यांचा राजा तिरिदात ह्यानें बाप्तिस्मा घेतला. कांहीं अभ्यासक हें वर्ष थोडें पुढें धरतात. सर्व राष्ट्रानें ख्रिस्ती धर्म पत्करल्याच्या अगदीं पहिल्या उदाहरणांत ह्याची गणना होते. ह्या लोकांची ओळख आपल्या देशास अगदींच नाहीं असें नाहीं. आर्मेनी व्यापारी सुरत, मद्रास व कलकत्ता येथें येऊन राहिले होते, आणि मुंबईच्या कोट भागांत त्यांचें उपासनामंदिर आहे.

येरेवान ही त्यांची राजधानी. तेथून वाटाड्या बरोबर घेऊन एका दिवसांत तीन ठिकाणें पाहून येतां येतात, आणि पुष्कळ प्रवासी तसें करितात. डोळे उघडे ठेवून जाणाऱ्यास ह्या एका दिवसांत वरील प्रश्नाचीं तीन निरनिराळीं उत्तरें दिसतात.

पहिलें ठिकाण एच्मियाद्झिन. हें येरेवानच्या पश्चिमेस सुमारें २० किलोमीटरांवर आहे. येथील मुख्य मंदिराचा पाया ग्रेगोरीनें घातला असें मानितात. १९५० च्या दशकांत तेथें उत्खनन झालें, तेव्हां वेदीच्या खालीं अग्निपूजेची जुनी जागा सांपडली. अगाथांगेलोस ह्याच्या नांवावर असलेल्या प्राचीन इतिहासांत असें लिहिलें आहे कीं, राजानें व ग्रेगोरीनें देशभर फिरून जुन्या देवतांचीं मंदिरें पाडलीं. हें पहिलें उत्तर होय. जुनें मोडा आणि त्यावर नवें बांधा. ह्या उत्तरांत मोठें धैर्य आहे. परंतु तें राजाच्या हुकुमानें झालें हेंहि विसरूं नये. हुकुमानें मंदिर पडतें, पण मनांतील भीति पडतेच असें नाहीं.

दुसरें ठिकाण गार्नी. येरेवानच्या पूर्वेस दरीच्या कांठीं हें गांव आहे. तेथें पहिल्या शतकांतलें, ग्रीक धर्तीचें, खांबांचें एक मंदिर उभें आहे. तें मिहिर ह्या सूर्यदेवतेचें होतें असें बहुतेकांचें मत आहे. वेदांतील मित्र ह्या नांवाशीं ह्या नांवाचें नातें आहे. जीं थोडीं मंदिरें पाडलीं गेलीं नाहींत त्यांपैकीं हें एक. पुढें १६७९ सालीं भूकंपानें तें कोसळलें, आणि १९६९ ते १९७५ ह्या काळांत त्याच दगडांतून तें पुन्हा उभारिलें. आज तें पाहून कोणी आर्मेनी मनुष्य सूर्यपूजक होत नाहीं. जेथें भीति मेली आहे, तेथें जुना दगड केवळ दगड असतो. हें दुसरें उत्तर.

ह्याच गांवीं प्रवाशांस तेथील भाकर करितांना दाखवितात. तिचें नांव लवाश. जमिनींत पुरलेली मातीची मोठी भट्टी असते, तीस ते तोनीर म्हणतात. आपला तंदूर तिचाच भाऊबंद. एक बाई कणकेचा गोळा लाटते, दुसरी तो हातांवर झेलून कागदासारखा पातळ करिते, मग गवत भरलेल्या उशीवर ताणून तो भट्टीच्या तापलेल्या आंतल्या अंगास चिकटविला जातो. क्षणांत भाकर तयार होते. ती वाळवून रचून ठेविली तर महिनेच्या महिने टिकते, आणि पाणी शिंपडलें कीं पुन्हा मऊ होते. हें काम एकटीनें होण्यासारखें नाहीं. आपल्याकडे पापड-कुरडयांच्या दिवसांत शेजारणी जमतात तशा तेथें बायका जमतात. लग्नांत वधूवरांच्या खांद्यांवर ही भाकर ठेवितात, घर भरलेलें राहो म्हणून. २०१४ सालीं युनेस्कोनें ह्या भाकरीची व तिच्या रीतीची मानवजातीच्या वारशांत नोंद केली. अशा रूढीस कोणी दोष देईल काय? तिच्यांत कोणाची भीति नाहीं, आणि कोणास वगळण्याचें कारण नाहीं.

तिसरें ठिकाण गेगार्द. गार्नीच्या पुढें, डोंगराच्या कड्यांत कोरलेला हा मठ आहे. त्याचें मुख्य मंदिर १२१५ सालीं बांधलें. आंत खडकांत एक झरा आहे. ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वींहि लोक तो पवित्र मानीत असत, असें सांगतात. येथेंच तिसरें उत्तर दिसतें, आणि येथेंच आपल्या उपदेशकांच्या कपाळास आंठी पडेल. मठाजवळ आजहि लोक मेंढरूं किंवा कोंबडा घेऊन येतात. कोणाचा मुलगा आजारांतून उठलेला असतो, कोणी अपघातांतून वांचलेला असतो. ह्या विधीस मताघ म्हणतात. पाळक मिठास आशीर्वाद देतो, तें मीठ जनावरास चारितात, मग तें कापून त्याचें मांस केवळ पाण्यांत व मिठांत शिजवितात. तें विकावयाचें नाहीं आणि रूढीप्रमाणें दुसऱ्या दिवसासाठीं ठेवावयाचेंहि नाहीं. तें गरिबांस व शेजाऱ्यांस वाटून टाकावयाचें.

आपला वाचक म्हणेल, हा तर नवसच झाला! असाच आक्षेप ग्रीक मंडळीनेंहि घेतला होता. १२ व्या शतकांत आर्मेनी मंडळीचा मुख्य गुरु नेर्सेस श्नोर्हालि ह्यानें अशा आक्षेपांस उत्तर दिलें. त्याच्या म्हणण्याचा आशय असा कीं, हें पापाबद्दलचें बलिदान नव्हे. तें बलिदान एकदांच झालें आहे. हें गरिबांस घातलेलें जेवण आहे, आणि आभार मानण्याची ती एक रीत आहे.

हें उत्तर पुरेसें आहे काय? पुस्तकांत तें पुरेसें आहे. परंतु मेंढरूं ओढीत नेणाऱ्या बापाच्या मनांत काय असतें? “देवा, तूं मुलगा दिलास, म्हणून मी आनंदानें गरिबांस जेवूं घालतों,” असें असेल तर तें आभारप्रदर्शन. “दिलें नाहीं तर मुलगा पुन्हा पडेल,” असें असेल तर ती खंडणी. कृत्य एकच, पण पहिला मनुष्य मुलासारखा वागतो, दुसरा कुळासारखा. ह्यावरून एक कसोटी हातीं लागते. जी रूढि निर्भयपणें सोडतां येते, तीच निर्भयपणें ठेवितां येते. जी सोडतांना हात कांपतो, ती अजून आपली धनीण आहे.

ज्या घरांत काल-परवांपर्यंत नवसाचें बकरें दाराशीं बांधलेलें असे, तेथें मताघासारखी रीत आणणें शहाणपणाचें नाहीं. मूर्तींपुढें ठेविलेल्या मांसाविषयीं पौलानें करिंथकरांस हाच विचार करावयास लाविलें. माझें मन स्वच्छ असलें तरी माझ्या अशक्त भावास ठेंच लागूं नये. म्हणून आपल्या मंडळ्यांनीं बकरें सोडलें तें योग्यच केलें.

परंतु आर्मेनी लोक आपल्यालाहि एक प्रश्न विचारूं शकतात. तुम्हीं बकरें सोडलें; त्याबरोबर जेवणहि सोडलें काय? जत्रेच्या दिवशीं भावकी जमत असे, दूरची लेक माहेरीं येत असे, दारीं आलेल्यास पानभर मिळत असे. ती पंगत अपुरी होती, हें खरें. जातीच्या कुंपणाबाहेर ती जात नसे. तरी ती पंगत होती. भीति सोडतांना औदार्यहि हातून निसटलें, तर आपण कोंडा पाखडतांना दाणेहि उडविले.

एच्मियाद्झिनच्या वाटेवर मुसालेर नांवाचें गांव लागतें. १९१५ सालीं तुर्की राज्यांत आर्मेनी लोकांची कत्तल झाली, तेव्हां मूसा डोंगरावर चढून कांहीं गांवकऱ्यांनीं आपला बचाव केला, आणि फ्रेंच जहाजांनीं ४,००० हून अधिक जीव सोडविले. त्या सुटकेची आठवण म्हणून दर सप्टेंबरांत तेथें मोठमोठ्या हंड्यांत गहूं व मांस रात्रभर शिजवितात. त्यास हरिसा म्हणतात. सकाळीं पाळक आशीर्वाद देतो आणि जो येईल त्यास तें वाढतात. ही रूढि जुन्या देवतांकडून आलेली नाहीं. ती अलीकडे, कृतज्ञतेंतून, लोकांनीं स्वतः घातली.

तेव्हां वाचकहो, काय ठेवावें व काय टाकावें एवढ्यावरच थांबूं नये. नवें काय घालावें, हेंहि विचारावें. मूल दुखण्यांतून उठलें, विहिरीस पाणी लागलें, पीक घरीं आलें, तर त्या दिवशीं चूल मोठी पेटवावी. बकऱ्याची गरज नाहीं. भाकर, कालवण व मीठ पुरे. आणि पंगत बसण्यापूर्वीं दाराबाहेर जाऊन पाहावें कीं अजून कोण उभा आहे.