वाकडं कोणाला म्हणायचं

खोटेपणा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून भाषेनं त्याला आकार दिला. वाकडी वाट, वाकडं पाऊल, वाकडी नजर. संस्कृतातल्या ‘कुटिल’चा मूळ अर्थही वळणावळणाचा असाच आहे, आणि ‘ऋजु’ म्हणजे सरळ असणारा तोच प्रामाणिक. कृतीला वाकडं म्हणावं, यात काही गैर नाही. पाऊल वाकडं पडलं तर ते मागं घेता येतं. पण हाच शब्द माणसाला चिकटला की घात होतो. मग त्याचा जन्म वाकडा, जात वाकडी, अंग वाकडं, आणि म्हणून मनही वाकडंच असणार! रामायणातली मंथरा आपल्याला कपटी म्हणून आठवते तशीच कुबडी म्हणूनही आठवते. तिच्या कुबडाचा आणि सल्ल्याचा काय संबंध, हे कोणी विचारत नाही.

चोखामेळ्यानं ते विचारलं. मंगळवेढ्याचा हा महार संत चौदाव्या शतकातला. ज्या विठ्ठलाला त्यानं आयुष्य वाहिलं, त्याच्या देवळात त्याला पाऊल टाकायची मुभा नव्हती. त्याच्या अभंगातला ऊस डोंगा आहे, म्हणजे वाकडा. पण रस डोंगा नाही. मला यातलं धाडस फार मोठं वाटतं. ‘मी तुमच्यासारखाच सरळ आहे’ असं तो म्हणत नाही. समाजानं मारलेला शब्द तो अंगावर घेतो आणि विचारतो की या शब्दाची हद्द कुठे संपते. ऊस पिळल्याशिवाय रस कसा कळणार? गावकुसाचं काम चालू असताना ते कोसळून त्याचा अंत झाला, असं परंपरा सांगते. त्याची समाधी पंढरपूरला आहे, देवळाच्या महाद्वारासमोर; आत नाही. दलितांना त्या देवळात जाता यावं म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषणाला बसावं लागलं.

कुष्ठरोगाचंही तसंच झालं. रोगाचा जंतू नसांवर घाला घालतो, हाताचे स्नायू लुळे पडतात आणि बोटं आत वळतात. इतकी साधी शारीरिक गोष्ट; पण लोकांनी त्या बोटांत मागल्या जन्मीचं पाप वाचलं. बाबा आमट्यांच्या आनंदवनात अशाच हातांनी खडकाळ माळावर विहिरी खणल्या, शेती पिकवली, कापड विणलं. सात-बाऱ्यावर खोटी नोंद चढवून भावाची जमीन लाटणाऱ्याची बोटं मात्र अगदी सरळ असतात, आणि गाव त्याला पाटावर बसवतं.

हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं एक कारण होतं. ते वगळायला २०१९ साल उजाडलं, तेही औषधांनी हा रोग पुरता बरा होऊ लागल्यावर कित्येक वर्षांनी. लग्न जुळवताना ‘त्यांच्या घराण्यात तो रोग होता का’ ही चौकशी आजही दबक्या आवाजात होते. घराण्यात कोणी कोणाची जमीन लाटली, हे तितक्या काळजीनं विचारलं जात नाही.