न दिसण्याचा पुरावा

जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून तिथे घट नाही. या साध्या उदाहरणावर भारतीय तर्कशास्त्राने शतकानुशतकं वाद घातला. कुमारिल भट्टाच्या परंपरेतले मीमांसक अभावाच्या ज्ञानासाठी ‘अनुपलब्धी’ हे वेगळं प्रमाण मानतात. नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांना, ते वेगळं मानायची गरज वाटत नाही. एक अट मात्र दोघांनाही मान्य आहे. घट तिथे असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. असता तर दिसलाच असता अशा ठिकाणी न दिसणं, हीच योग्यानुपलब्धी. वाईत मी हे पुष्कळ वर्षं शिकवलं. या अटीचं मोल सर्वांत लख्ख दाखवून दिलं ते आमच्या सेकंडहँड गाडीने.

पसरणीचा घाट चढताना तापमानाचा लाल दिवा मधेच लागायचा आणि विझायचा. मी लगेच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करत असे, कारण दिवा खरं सांगत असेल आणि आपण तशीच गाडी हाकली, तर हेड गॅस्केट जातं. एका गॅरेजमध्ये गाडी बराच वेळ चालू ठेवून पाहिली. दिवा लागला नाही, आणि “काही दोष नाही” असा निर्वाळा मिळाला. आधीचे मालक म्हणाले, “आमच्याकडे कधीच तापली नाही.” ते खोटं बोलत नव्हते, त्यांनी गाडी गावातच चालवली होती. पण घाटात दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन जोर लावतं, फाउंडेशनवर हलतं, वेग कमी असल्याने रेडिएटरला वारा कमी मिळतो. यातलं गॅरेजच्या सपाट फरशीवर काय होतं? तिथे दिवा न लागणं हा पुरावाच नव्हता.

आमच्या मिस्त्रींनी न्यायशास्त्र वाचलेलं नाही, पण त्यांची रीत त्याच अटीची होती. थंड इंजिनवर त्यांनी कूलंटची पातळी पाहिली, कारण कूलंट कमी असलं की आत हवा अडकते. एसी लावून रेडिएटरचा फॅन फिरतो का, ते पाहिलं. मग म्हणाले, “बाई, जिथं दुखतं तिथं जाऊ.” स्कॅनर जोडून आम्ही घाटात गेलो. आकडा नव्वद अंशांच्या आसपास स्थिर होता. एका खडबडीत वळणावर तो डोळ्याची पापणी लवते तोवर एकशेतीसच्या वर गेला आणि तसाच खाली आला. “पाणी असं उडी मारत नाही,” ते म्हणाले. इंजिनातलं काही लिटर कूलंट क्षणात चाळीस अंश तापत नाही आणि निवतही नाही. म्हणजे दोष वायरीत. हा सेन्सर तापला की त्याचा विद्युतरोध कमी होतो. वायर तुटली असती तर काँप्युटरला इंजिन बर्फासारखं थंड वाटलं असतं. खूप गरम वाटलं, म्हणजे वायर कुठेतरी धातूला टेकत होती. कपलरजवळ तिचं आवरण घासून गेलेलं सापडलं. दुरुस्तीनंतर ते त्याच घाटात, त्याच गिअरमध्ये पुन्हा आले. दिवा लागला नाही. या वेळचं न लागणं मी पुरावा मानलं.

नैयायिक उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमाञ्जली’च्या तिसऱ्या स्तबकात, म्हणजे प्रकरणात, हाच निकष ईश्वराच्या प्रश्नाला लावला. दिसत नाही म्हणून ईश्वर नाही, असं म्हणणाऱ्या चार्वाकाला ते सांगतात की जे डोळ्यांना दिसण्याजोगंच नाही, त्याच्या न दिसण्यावरून त्याचा अभाव ठरत नाही. नाहीतर घराबाहेर पडलेल्या चार्वाकाला बायकामुलं दिसत नाहीत, म्हणून ती नाहीतच असं मानून ऊर बडवावा लागेल. मी ईश्वर मानते, आणि म्हणूनच या उत्तराची मर्यादा मला सांगितली पाहिजे. त्याने ईश्वराचा निषेध थांबतो, ईश्वर सिद्ध होत नाही. उदयनांनाही ते ठाऊक होतं. ईश्वरसिद्धीची अनुमानं ते पाचव्या स्तबकात स्वतंत्रपणे मांडतात. एक नवस फळला की देव सिद्ध झाला म्हणणारा आणि एक फळला नाही की देव नाही म्हणणारा, दोघेही तपासणीआधीच निकाल देतात.

पण मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती माणसांच्या दुःखाविषयी आपण देतो त्या निर्वाळ्याची. मुलगी दिवाळीला माहेरी येते, हसते, फराळ करते. “सुखात आहे,” असं ठरवून सगळे निर्धास्त होतात. पण त्या चार दिवसांत, भरल्या घरात, नवऱ्यासमोर तिचं दुःख दिसण्याजोगी परिस्थिती असते का? तिला एकटीला गाठावं, घाई न करता विचारावं, जे सांगेल ते ऐकायची आपली तयारी आहे हे तिला कळू द्यावं. इतकं केल्यावर ती म्हणाली, की काही त्रास नाही, तरच त्यावर विश्वास ठेवण्याचा अधिकार आपल्याला मिळतो. ती परिस्थिती तयार करणं हे आपलं काम आहे, तिचं नाही.