अन्यायी गुरू आणि शिष्याचा धर्म

शिक्षक पक्षपात करत असेल, तासाला येत नसेल, चारचौघांत अपमान करत असेल किंवा गुणांचा धाक दाखवत असेल, तर विद्यार्थ्याने त्याला कितपत मानावे, हा प्रश्न भारतीय धर्मविचाराला नवा नाही. तेरेखोल नदीकाठच्या आरोंद्यासारख्या गावात मात्र तो जास्त टोचतो. पदवीसाठी इथल्या मुलांना सावंतवाडीची वाट धरावी लागते, नाहीतर नदीपलीकडे गोव्यात जावे लागते. एक महाविद्यालय सोडून दुसरे गाठणे इथे शहराइतके सोपे नसते. सर कुणा नातेवाइकाच्या ओळखीचे निघतात आणि तक्रारीची कुणकुण प्राचार्यांच्या आधी घरी लागते. ‘गुरूविरुद्ध बोलू नये’ एवढे म्हटले की मूल गप्प होते.

या म्हणण्यामागे परंपरेचे बळ आहे. गुरूची निंदा चालली असेल तिथे शिष्याने कान झाकावेत किंवा उठून जावे, असे मनुस्मृती सांगते. भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायातल्या ‘आचार्योपासन’ या एका पदावर ज्ञानेश्वरांनी गुरुसेवेचे विस्तृत, ओथंबलेले वर्णन केले आहे. मराठी मनातली गुरुभक्ती बरीचशी तिथून आली. पण ते वर्णन आत्मज्ञानाची वाट दाखवणाऱ्या सद्गुरूचे आहे. हजेरीपट आणि अंतर्गत गुण हातात असलेल्या अध्यापकाला ते जसेच्या तसे लावणे म्हणजे भक्तीला सत्तेच्या कामाला जुंपणे आहे.

शिवाय परंपरेने गुरूलाही मोकळे सोडलेले नाही. आपस्तंब धर्मसूत्रानुसार आचार्याने शिष्यावर पुत्रवत प्रेम करावे, विद्या हातची राखू नये आणि अध्ययनात खंड पडेल अशा कामाला त्याला लावू नये. शिक्षाही कोणत्या, तर भीती घालणे, उपवास घडवणे, गार पाण्याने स्नान करायला लावणे, नजरेसमोरून दूर करणे. शिकवण्याची टाळाटाळ करणारा आचार्य आचार्यच राहत नाही, असे हे सूत्र स्पष्ट म्हणते. गुरूने चुकून किंवा जाणूनबुजून नियम मोडला, तर शिष्याने ते त्याला एकांतात दाखवून द्यावे, अशी आज्ञाही त्यात आहे. तैत्तिरीय उपनिषदात तर निरोप देताना आचार्यच शिष्याला बजावतो की आमचे चांगले आचरण तेवढे उचल, बाकीचे नको. दासबोधाच्या पाचव्या दशकात, गुरुलक्षणाच्या समासात, समर्थ रामदास याहून कठोर आहेत. शिष्याला साधनेला न लावणारे गुरू कवडीमोलाने मिळाले तरी टाकून द्यावेत, असा त्यांचा निवाडा आहे.

कोकणाला परशुरामाची भूमी म्हणतात. त्याच परशुरामाला त्याच्या शिष्याने दिलेला नकार महाभारताच्या उद्योगपर्वात आहे. हरण करून आणलेल्या अंबेचा स्वीकार कर, ही गुरूची आज्ञा भीष्माने आपल्या ब्रह्मचर्याच्या प्रतिज्ञेसाठी मोडली. योग्य-अयोग्य न ओळखणाऱ्या, आडमार्गाला लागलेल्या गुरूचा त्याग करता येतो, असे वचन तो गुरूलाच ऐकवतो. तरीही युद्धापूर्वी तो रथातून उतरून गुरूला वंदन करतो. आदर आणि आज्ञापालन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या स्वच्छपणे क्वचितच कुठे दिसते. अर्थात अंबेची बाजूही खोटी नव्हती, म्हणून ही कथा शिष्याच्या निखळ विजयाची नाही.

एकलव्याची कथा नेमकी उलट सांगितली जाते. द्रोणाने त्याला निषाद म्हणून नाकारले, काहीच शिकवले नाही आणि तरी अर्जुनाला दिलेल्या शब्दापायी अंगठा मागून घेतला. एकलव्याच्या निष्ठेचे कौतुक करता करता द्रोणाचा अन्याय झाकला जातो, हे वाईट आहे. विद्यार्थ्यापुढे ठेवावा तो याज्ञवल्क्य. रागावलेल्या वैशंपायनाने दिलेली विद्या परत मागितली, तेव्हा त्याने ती परत केली आणि सूर्याची उपासना करून शुक्ल यजुर्वेद मिळवला. विष्णुपुराणात भांडणाचे मूळ त्याच्याच गर्वोक्तीत दाखवले आहे. शिष्य निर्दोष असायलाच हवा, अशी अट परंपरेने घातलेली नाही.

आजचा अध्यापक पदावर बसलेला, नियमांनी बांधलेला आणि वेतन घेणारा माणूस आहे. त्याच्याविरुद्धची तक्रार गुरुद्रोह ठरत नाही. कमी पडलेले गुण आणि अन्यायाने दिलेले गुण यांतला फरक आधी स्वतःशी प्रामाणिकपणे तपासावा लागतो. मग आपस्तंबाची पायरी येते: सरांशी एकट्याने, शांतपणे बोलणे. जातीवरून हिणवणे किंवा लैंगिक छळ असेल तर ही पायरी लागू नाही. छळासाठी अंतर्गत तक्रार समिती आणि अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांच्या जातीय अपमानासाठी अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. इतर बाबतींत तारखा, सबमिशनच्या नोंदी आणि संदेश जपून ठेवून लेखी अर्ज देता येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023च्या विनियमांनी महाविद्यालयांवर विद्यार्थी तक्रार निवारण समितीचे बंधन घातले. समितीने 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि त्यावर विद्यापीठाच्या लोकपालाकडे दाद मागता येते. तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली माहिती अधिकाराखाली मान्य केला. वर्गातल्या पाचजणांनी मिळून अर्ज दिला, तर एकट्यावर राग निघण्याची भीतीही कमी होते.

समितीने न्याय दिला तरी कंटाळवाणा शिक्षक चांगला होत नाही, आणि कधी न्यायही मिळत नाही. तेव्हा विद्या दुसरीकडून मिळवण्याचा याज्ञवल्क्याचा मार्ग उरतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये जातीमुळे संस्कृत शिकू दिले नाही, म्हणून त्यांना पर्शियन घ्यावी लागली. पुढे संस्कृत त्यांनी स्वतःच्या प्रयत्नाने शिकून घेतली आणि मूळ ग्रंथांचा आधार देत धर्मशास्त्रांची चिकित्सा केली.